साखर आटोक्यात आली, तरी वडिलांचा डोळा का बिघडला? आणि चांगल्या डोळ्यालाच लेसर कशासाठी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझे वडील ६१ वर्षांचे असून सांगलीत हळदीची अडत चालवतात. त्यांना मधुमेह होऊन १४ वर्षे झाली. त्यातली बरीच वर्षे त्यांनी गोळ्या आठवतील तशा घेतल्या, आणि डोळ्यांची तपासणी केली ती चष्म्याचा नंबर काढण्यापुरतीच. गेल्या वर्षी पायाची जखम भरेना, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ११.४ निघाला. इन्शुलिन सुरू झाले, घरातल्या सगळ्यांनीच त्यांच्याबरोबर पथ्य पाळले, आणि पाच महिन्यांत तो आकडा ७.१ वर आला. त्या दिवशी आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

त्यानंतर पंधरा दिवसांतच बाबा म्हणाले, की खतावणीच्या रेघा मधेच वाकड्या दिसतात. आईने त्यांना एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. उजवा झाकला तर रेघा सरळ होत्या. डावा झाकला की नेमका ज्या आकड्याकडे पाहावे तोच पुसट होत होता. इन्शुलिनच्या पेनावरचे आकडे ते अंदाजाने वाचत होते, हेही तेव्हाच कळले.

डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा (दृष्टिपटल) तपासला, पडद्याची जाडी दाखवणारा ओसीटी काढला आणि त्यातील रक्तवाहिन्यांचे चित्रण, म्हणजे अँजिओग्राफीही झाली. उजव्या डोळ्याची दृष्टी ६/१८ आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसते ते त्यांना सहा मीटरवरून दिसते; पडद्याच्या मध्यभागी सूज आहे आणि तिथली जाडी ४१२ मायक्रॉन भरली आहे. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र ६/६, म्हणजे पूर्ण आहे. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात दरमहा इंजेक्शन आणि डाव्या डोळ्याला तीन बैठकांत लेसर असे सांगितले, आणि घाई लेसरची आहे असे बजावले.

बाबांचे म्हणणे असे की, "ज्या डोळ्यावर मी दुकान चालवतो, तोच जाळून घेऊ?" सध्या हळदीचे सौदे जोरात आहेत, त्यामुळे मे महिन्यापर्यंत थांबावे असा त्यांचा आग्रह आहे. काकांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची दृष्टी लेसरनंतर गेली, हेही घरात रोज ऐकू येते. माझे प्रश्न दोन आहेत. साखर इतकी सुधारल्यावर डोळा बिघडला कसा? आणि ज्या डोळ्याने स्वच्छ दिसते त्याला उपचाराची घाई कशासाठी?

माळरान

माझ्या आईचेही इन्शुलिन सुरू झाल्यावरच डोळे बिघडले होते. आम्ही डॉक्टरांना विचारून नव्हे, पण आमच्या अंदाजाने मात्रा थोडी कमी केली आणि तिला बरे वाटू लागले. साखर इतक्या वेगाने खाली आणणे शरीराला मानवत नसावे. आपणही मात्रा कमी करून पाहायला हरकत नाही, असे मला वाटते.

पडद्यामागे

मी गेली अनेक वर्षे दृष्टिपटलाच्या विकारांवर उपचार करतो. कागदपत्रे आणि डोळा न पाहता निदान करणे योग्य नाही, हे आधीच नमूद करतो. परंतु आपण दिलेल्या तपशिलावरून आपल्या डॉक्टरांचा विचार मला नीट समजतो आहे.

माळरान यांच्या निरीक्षणात तथ्य आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. बराच काळ चढी राहिलेली साखर झपाट्याने उतरली की आधीपासून रोगट असलेला पडदा काही महिने अधिक बिघडू शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात साखर काटेकोर राखण्याचे उपचार घेणाऱ्यांपैकी १३.१ टक्के रुग्णांचे डोळे पहिल्या वर्षभरात बिघडल्याचे दिसले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.६ टक्के होते. एवढेच वाचून थांबले तर माळरान यांचे म्हणणे खरे वाटेल. पण त्याच अभ्यासात पुढील वर्षांत चित्र पूर्ण उलटले: ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात विकार उद्भवण्याची शक्यता काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्यात तो आधीच होता त्यांच्यात तो वाढण्याची शक्यता ५४ टक्क्यांनी घटली. सुरुवातीला डोळे बिघडलेल्यांनाही शेवटी लाभच झाला. तेव्हा इन्शुलिन कमी करणे म्हणजे काही महिन्यांचा त्रास टाळण्यासाठी पुढील कित्येक वर्षांचे संरक्षण सोडून देणे होय. खरी चूक झाली असेल तर ती इन्शुलिन सुरू करताना पडदा तपासून घेतला नाही, एवढीच.

आपल्या वडिलांचा विकार या पाच महिन्यांत जन्मलेला नाही. चढ्या साखरेने पडद्यातील केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. भिंतीला बारीक फुगे येतात आणि त्यांतून पाणी व स्निग्ध द्रव्ये झिरपू लागतात. हे झिरपणे पडद्याच्या मध्यबिंदूपाशी झाले की तिथे सूज येते, आणि ज्यावर नजर रोखावी तेच वाकडे किंवा पुसट दिसते. उजव्या डोळ्यात हेच झाले आहे. मध्यभागाची जाडी सर्वसाधारणपणे अडीचशे मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून ४१२ या आकड्याचा अर्थ लक्षात यावा.

डाव्या डोळ्याची गोष्ट वेगळी आहे. केशवाहिन्या झिरपतात तशा त्या बंदही पडतात. बंद पडलेल्या भागातील पडदा प्राणवायूसाठी तडफडतो आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवा असा रासायनिक संदेश सोडतो. त्या संदेशाने ज्या वाहिन्या उगवतात त्या अतिशय ठिसूळ असतात, आणि पडदा सोडून डोळ्यातील जेलीच्या पृष्ठभागावर पसरतात. एखाद्या सकाळी त्यातली एक फुटते आणि डोळा रक्ताने भरतो. पुढे या वाहिन्यांबरोबर वाढलेले तंतू आकसून पडदा ओढून काढतात. हे सारे कडेकडेच्या भागात घडत असते, मध्यबिंदू शाबूत असतो, म्हणून रुग्ण शेवटच्या आठवड्यापर्यंत ६/६ वाचत राहतो. अक्षरांचा तक्ता फक्त मध्यबिंदूची परीक्षा घेतो, उरलेल्या पडद्याविषयी तो काहीच सांगत नाही. आपल्या वडिलांचा बिघडलेला वाटणारा उजवा डोळा त्रासात आहे, आणि चांगला वाटणारा डावा डोळा धोक्यात आहे.

"जाळणे" या शब्दाबद्दल एक खुलासा करतो, कारण तो शब्द पूर्णपणे खोटा नाही. लेसरने कडेच्या पडद्यावर साधारण हजार-दीड हजार बारीक डाग दिले जातात. त्या भागाची प्राणवायूची गरज संपते, संदेश थांबतो आणि नव्या वाहिन्या सुकतात. मध्यबिंदूला हात लावला जात नाही. त्याची किंमत म्हणून रात्रीचे आणि बाजूचे दिसणे काहीसे मंदावते, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे. आम्ही मंडळी पुष्कळदा ते सांगत नाही आणि मग काकांच्या ओळखीच्या गृहस्थांसारख्या कथा पसरतात. अशा कथांमधला बराचसा भाग हा लेसर उशिरा झाल्याचा असतो, कारण लेसर गेलेली दृष्टी परत आणत नाही, असलेली राखते. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या अभ्यासात या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे सिद्ध झाले, आणि इतक्या वर्षांनंतरही तो उपचार टिकून आहे.

आपल्याला एक विनंती आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत डाव्या डोळ्यासमोर काळे धागे, काजळीचे ठिपके किंवा कोळ्याचे जाळे तरंगताना दिसले होते का, हे वडिलांना एकांतात विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर मे महिन्याचा विचार सोडून द्यावा.

अर्धवट लेसरवाला

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे, आणि हे नाव मी स्वतःच्या कर्तृत्वावरून घेतले आहे. सात वर्षांपूर्वी मला तीन बैठकांचे लेसर सांगितले होते. पहिल्या दोन बैठकांत डोक्यात कळ गेली, दिसण्यात काडीचा फरक पडला नाही, म्हणून तिसरीला मी गेलोच नाही. चौदा महिन्यांनी सकाळी दात घासताना आरशात माझ्या चेहऱ्यावरून तांबूस धूर वर चढावा तसे दिसले, आणि तासाभरात त्या डोळ्याने फक्त उजेड कळू लागला.

पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डोळ्यातील रक्ताळलेली जेली काढून पडदा सपाट बसवण्यासाठी आत वायू भरला. मी नाशिकचा. वायू विरेपर्यंत विमान नाहीच, पण कसारा घाटही चढायचा नाही अशी ताकीद मिळाली, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातील वायू फुगतो आणि डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. तीन आठवडे मी दादरला बहिणीकडे मान खाली घालून बसलो होतो, आणि भाच्यांनी त्यावर केलेले विनोद अजून संपलेले नाहीत. त्या डोळ्याने आज मला मोठी अक्षरे वाचता येतात, खतावणी वाचता येणार नाही.

इंजेक्शनाची धास्ती मात्र कृपया घेऊ नये. मी दुसऱ्या डोळ्यात अकरा घेतली आहेत. बधिर करणारे थेंब घालतात, मग तपकिरी जंतुनाशक द्रव घालतात, तो थोडा चुरचुरतो, आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा लावतात. खरे सांगायचे तर सगळ्यात नकोसा तो चिमटाच असतो. "वर पाहा" असे म्हणतात, डोळ्यावर अंगठ्याने दाबल्यासारखे वाटते आणि काम झालेले असते. सुई समोरून येताना दिसत नाही, कारण ती बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागातून देतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत नजरेत एखादा काळा बुडबुडा लोळतो आणि पांढऱ्या भागावर लाल डाग आठवडाभर राहतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत.

घरचा वैद्य

मी फिजिशियन आहे. पडद्याविषयी वर सांगितलेच आहे, त्यात मी भर घालणार नाही. परंतु मधुमेह दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो, म्हणून डोळा हा मूत्रपिंडाचा शेजारी आहे असे समजून काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट रक्तदाब. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांचा दाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ राखला गेला त्यांच्यात पडद्याचा विकार बळावण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. १४४ हा आकडा आजच्या दृष्टीने फारसा चांगलाही नाही, तरी एवढा लाभ झाला. लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; रक्तक्षयामुळे पडद्याची उपासमार वाढते. औषधांच्या यादीत पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावे, कारण त्याने अंगात पाणी साठते आणि पडद्याची सूज वाढू शकते. फेनोफायब्रेट हे रक्तातील चरबीवरचे जुने औषध पडद्याच्या विकाराची वाढ मंदावते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत दिसले आहे. मात्र मूत्रपिंडाची स्थिती पाहिल्याखेरीज ते देता येत नाही, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये.

वडील हृदयासाठी अॅस्पिरिन घेत असतील तर डोळ्यात रक्त येईल या भीतीने ते बंद करू नये. रोज ६५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांतही रक्तस्राव वाढला नाही, हे तपासून झालेले आहे. हळदीची पोती उचलणे मात्र लेसर पूर्ण होईपर्यंत संपूर्ण बंद ठेवावे. श्वास कोंडून जोर लावण्याने नव्या ठिसूळ वाहिन्या फुटू शकतात.

माळरान यांना नम्र विनंती, की आईंच्या पडद्याची तपासणी या महिन्यातच करून घ्यावी. "बरे वाटणे" हे या विकारात लक्षण म्हणून निरुपयोगी आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर बाबांना विचारले. बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले आणि मग म्हणाले, की संक्रांतीच्या आसपास दोन दिवस डाव्या डोळ्यासमोर केसाचा गुंता लोंबकळत होता. चष्मा पुसूनही जाईना, मग आपोआप खाली बसला, म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्या वेळी त्यांनी पोतीही उचलली होती, कारण हमाल सुट्टीवर होते.

आता एक व्यावहारिक प्रश्न विचारते. उजव्या डोळ्यासाठी आम्हाला तीन औषधांची नावे दिली आहेत आणि त्यांच्या किमतींत प्रचंड तफावत आहे. स्वस्त औषध मुळात कर्करोगाचे आहे असे समजल्यावर आई घाबरली आहे. शिवाय ही इंजेक्शने किती काळ घ्यावी लागतात?

पडद्यामागे

तो गुंता म्हणजे फुटलेल्या नव्या वाहिनीचे रक्त असण्याची शक्यता फार मोठी आहे. या आठवड्यात लेसरची पहिली बैठक करून घ्यावी आणि डॉक्टरांना ही हकिकत शब्दशः सांगावी. नव्या वाहिन्यांवर इंजेक्शनेही प्रभावी आहेत, २०१५ सालच्या चाचणीत ती लेसरच्या तोडीस तोड ठरली. परंतु इंजेक्शनाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि मध्येच येणे थांबवलेल्या रुग्णांची अवस्था लेसर झालेल्यांपेक्षा वाईट होते. हंगाम आला की तपासण्या टाळणाऱ्या माणसासाठी मीही लेसरच निवडले असते, हे वडिलांना राग येणार नसेल तर सांगावे.

औषधांविषयी सांगतो. बेव्हासिझुमॅब हे आतड्याच्या कर्करोगासाठी आले, हे खरे आहे. नव्या वाहिन्या उगवण्याचा जो संदेश मी वर सांगितला, तोच संदेश गाठीही वापरतात, म्हणून तो संदेश अडवणारे हे औषध दोन्हीकडे चालते; डोळ्यात त्याची मात्रा अत्यल्प असते. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबर्सेप्ट ही औषधे डोळ्यासाठी म्हणून आली, आणि रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१५ पासून उपलब्ध असल्याने तिची किंमत मधल्या पायरीवर आहे. तिन्हींची तुलना झालेली आहे. दृष्टी ६/१५ किंवा त्याहून कमी असलेल्या डोळ्यांत पहिल्या वर्षअखेर तक्त्यावरील सरासरी सुधारणा अफ्लिबर्सेप्टने १९, रॅनिबिझुमॅबने १४ आणि बेव्हासिझुमॅबने १२ अक्षरांची झाली. उजवा डोळा ६/१८ असल्याने हा फरक आपल्याला लागू पडतो. तथापि, स्वस्त औषधाने सुरुवात करून पुरेसा गुण न आल्यास महागड्याकडे वळणाऱ्यांची दृष्टी दोन वर्षांनंतर सुरुवातीपासून महागडे घेणाऱ्यांइतकीच राहिली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले; अर्थात त्यातील सुमारे ७० टक्के डोळ्यांना औषध बदलावे लागले. महागडी दोन इंजेक्शने घेऊन पैसे संपल्यावर थांबणे, हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे आणि मला तो आठवड्यातून एकदा तरी पाहावा लागतो.

बेव्हासिझुमॅबच्या एका बाटलीतून अनेक रुग्णांसाठी मात्रा काढल्या जातात, म्हणून ती निर्जंतुक पद्धतीने कुठे भरली जाते, हे रुग्णालयाला निःसंकोच विचारावे. पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा आणि दुसऱ्या वर्षी पाच-सहा इंजेक्शने धरून चालावे. पुढे ती बरीच कमी होतात. वडिलांना अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर ते आधी सांगावे. इंजेक्शनानंतर पुढील काही दिवसांत वेदना वाढत गेली, डोळा अधिकाधिक लाल झाला किंवा दृष्टी उतरली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तसे क्वचितच घडते, पण घडल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट तपासावी. विमा नियामकाने २०१९ साली आधुनिक उपचारांची जी यादी जाहीर केली, तीत डोळ्यातील इंजेक्शनांचा समावेश आहे. पॉलिसीत त्यासाठी रकमेची मर्यादा असू शकते, पण दिवसभरात घरी सोडले म्हणून दावा सरसकट नाकारला जात असेल तर लेखी कारण मागावे.

माळरान

आईची तपासणी सोमवारी ठरवली आहे. मात्रा पूर्ववत केली आहे. माझा वरचा सल्ला कोणी पाळू नये.

कृष्णाकाठ

डाव्या डोळ्याची पहिली बैठक आज दुपारी झाली. बाबा म्हणाले, की हिरवा प्रकाश विजेसारखा चमकत होता आणि शेवटच्या पाच मिनिटांत कपाळात कळ येत होती. संध्याकाळपर्यंत अंधूक दिसले, आता ठीक आहे. इन्शुलिनचे पेन सध्या आई लावून देते. पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी सौदे आहेत, म्हणून अडतीवर मी बसणार आहे.